बॅटरी धरणारी

माझ्या धाकट्या भावाने आईपप्पांसाठी पन्नास इंची टीव्ही पाठवला, तेव्हा मी चाकणला कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. "अगं, भला मोठा खोका आलाय. दोन माणसांनी जिन्यातून उचलून आणला. आता हा ठेवायचा कुठं? घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." ती वैतागल्यासारखं बोलत होती, पण आवाजातलं कौतुक काही लपत नव्हतं. भावाचं कौतुक मला भिंतीपलीकडूनही ऐकू येतं. मी "बरं झालं" म्हणाले आणि अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला.

खोटं कशाला सांगू, मी जळले. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, पोरीची बारावी पार पाडलेली, आणि धाकट्या भावाच्या टीव्हीवर जळले. कारण नव्हतं असंही नाही. आठ-नऊ वर्षं झाली, आईपप्पांचं सगळं मी बघते. पप्पांच्या डोळ्यांतले थेंब, आईचे गुडघे, गॅसचा नंबर, सोसायटीची मीटिंग. थेरगावहून संत तुकाराम नगरला आठवड्यातून दोनदा माझी स्कूटर जाते. ते बघायला आई कुणा शेजारणीला बोलावत नाही. भाऊ बंगळुरूला बसून मोबाईलवर बोट फिरवतो आणि अख्ख्या बिल्डिंगला कळतं की मुलाने टीव्ही धाडला.

पण हे दुखणं टीव्हीपेक्षा जुनं आहे, तेही सांगायला हवं.

आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. पप्पा पिंपरीतल्या एका कंपनीत टूलरूमला होते, साचे नि हत्यारं घडवायच्या खात्यात. गुरुवारी ते घरी असत आणि आमची शाळा दुपारी सुटे. ती दुपार दुरुस्तीची. कॉलनीतले लोक बंद पडलेले रेडिओ, मिक्सर, टेप, पुढे पुढे टीव्हीसुद्धा आणून द्यायचे आणि पप्पा हौसेने, चहावारी दुरुस्त करायचे. हॉलमध्ये पेपर अंथरायचा आणि पहिल्यांदा वस्तू उलटी करायची, हा त्यांचा नियम. "तोंड सगळेच बघत्यात. आधी उलटी करून पोट बघायचं. खरं काय ते पोटावर असतं." मग सोल्डरिंग आयर्न भावाच्या हातात आणि बॅटरी माझ्या हातात. बॅटरी म्हणजे टॉर्च, आमच्याकडे तिला बॅटरीच म्हणतात. तो दहा वर्षांचा, मी बारा.

"पप्पा, एक टाका मी घालू का?" मी विचारायचे.

"नको बाळा, चटका बसंल. तू बॅटरी धर. हलू देऊ नको."

मी हलू द्यायची नाही. पाच-सहा वर्षं मी बॅटरी धरली आणि एकदाही हलू दिली नाही. कुठल्या वायरीनंतर कुठली येते ते मला भावाच्या आधी कळायचं, पण बोलायचं नसायचं. त्याचा टाका चुकला की पप्पा कडाडायचे. "डोळे काय खिशात ठिवलेत का? समोरचं दिसंना व्हय? हात हाय का हातोडा?" हे तीन प्रश्न, नेहमी याच क्रमाने. भावाच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तो पुन्हा टाका घालायचा. माझे डोळे कुठे आहेत हे मला कुणी कधी विचारलं नाही. मी नुसती बाळा.

पुढे मी हट्टाने फिजिक्स घेतलं आणि चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत स्टँडर्ड रूमला लागले. तिथे आम्ही मोजायच्या हत्यारांचंच मोजमाप करतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज, जे काही दारातून आत येईल त्याला आधी स्टिकर. नंबर, तपासल्याची तारीख, पुढची तारीख, माझी सही. ज्याच्यावर स्टिकर नाही ती वस्तू आमच्या लेखी नाहीच. वीस वर्षांत ही सवय अंगात इतकी मुरली की माझ्या मसाल्याच्या डब्यांनासुद्धा नंबर आहेत. नवरा म्हणतो, एक दिवस झोपेत माझ्या कपाळावर लावशील.

तर तो टीव्ही. तो भिंतीवर बसवायला माणूस आला, तो गुरुवार होता म्हणून मी तिथेच होते. हॉलच्या एका भिंतीला पप्पांनी स्वतःच्या हाताने केलेलं शोकेस आहे. मधला कप्पा आमच्या एकवीस इंची जुन्या टीव्हीच्या मापाचा. काचेचा, ढेरपोट्या, मागे एवढा मोठा डबा असलेला तो टीव्ही त्या कप्प्यात असा बसलाय की बोट घालायला जागा नाही. माणसाने टेप लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, हे शोकेस काढावं लागंल."

पप्पा शोकेसकडे बघत राहिले. "मग राहू द्या," ते म्हणाले. "जुना चालतोय."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. भावाने फोनवर सांगितलं, "काही हरकत नाही. महिनाअखेरीला मी येतो, सुतार बोलावतो, एका दिवसात काढून टाकू." खोका न उघडता आतल्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवला गेला. माझ्याकडे तीन गुरुवार होते.

माझा बेत सरळ होता. नवीन टीव्हीवर जे दिसणार, ते सगळं जुन्यावर दाखवायचं. मग शोकेस तोडायचं कारणच उरत नाही. आणि ते मी दाखवायचं, माझ्या हाताने. पप्पांनी बघायला हवं होतं की ही नुसती बॅटरी धरणारी नाही. बाकी टीव्हीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

जुना छोटा कॉम्प्युटर माझ्याकडे होता, मुलीने टाकून दिलेला. त्यावर मी विंडोजच्या जागी लिनक्स घातलं. आमच्या मोजणीच्या एका मशीनवर तेच आहे, म्हणून मला त्याची सवय. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर कुरकुर न करता चालतं, आणि काळ्या पडद्यावर हुकूम टाइप केला की निमूट ऐकतं. माझ्या घरात असं दुसरं कुणी नाही. त्यात मी पप्पांसाठी कबड्डीचे सामने भरले, आईसाठी तिच्या मालिका लावायची सोय केली. काय बघायचं ते बोटाएवढ्या मोठ्या अक्षरांत निवडता यावं अशी मांडणी केली, कारण पप्पांना काचबिंदू आहे आणि बारीक दिसत नाही.

अडचण एकच होती. कॉम्प्युटर बोलतो डिजिटल आणि आमचा टीव्ही जुन्या पद्धतीचा, ॲनालॉग. त्याला फक्त पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना कळतात. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. मध्ये दुभाष्या लागतो, कन्व्हर्टर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी. मी ती मागवली, कंपनीच्या गेटवर पार्सल घेतलं, टेबलावर उघडलं आणि हाताला लागलं ते पहिलं काम केलं. स्टिकर लावला. डबी पालथी होती, पोट सपाट दिसलं, तिथेच लावला. नंबर, तारीख, सही. मग ती पर्समध्ये टाकली.

पहिल्या गुरुवारी सगळं जोडलं. कप्प्यात हात जाईना, म्हणून टीव्ही पुढे ओढून मागे शिरले. पप्पा खुर्चीत बसून होते. आई पदर सावरून समोर येऊन बसली, जणू मी जादूचे प्रयोग करणार होते. बटण दाबलं. आवाज खणखणीत आला. चित्रही आलं, पण काळंपांढरं, आणि एका जागी ठरेना. खालून वर, खालून वर, पाट्यावर वाटण सरकावं तसं सरकत राहिलं.

"आवाज छान आहे," आई म्हणाली. "चित्र पळतंय."

"दिसतंय मला, आई."

"काळंपांढरं आहे."

"तेही दिसतंय."

पप्पा डोळे बारीक करून बघत होते. "कोन कुठल्या संघाचा तेच कळंना," एवढंच ते बोलले. मग उठून गॅलरीत गेले. त्यांनी एक जरी वाकडा शब्द काढला असता तरी चाललं असतं. मी घामाने भिजले होते, कोपराला खरचटलं होतं, आणि त्यांनी मागे वळून विचारलं, "चहा घेती का बाळा?"

आठवडाभर मी कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर वाचत होते. जगभरातले लोक हेच रडगाणं गात होते. टीव्हीची एक पद्धत अमेरिकेची, एनटीएससी नावाची, एक आपली, पाल नावाची. कन्व्हर्टर अमेरिकेच्या पद्धतीने चित्र पाठवतो, आपला जुना टीव्ही ते समजत नाही, रंग गाळून टाकतो आणि चित्र पळतं. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की डबीला एक बारीक स्विच असतो, तो सरकवा. कॉम्प्युटर आणि डबी मी घरी परत आणली होती, डबी हातात घेऊन चारी बाजू बघितल्या. स्विच नव्हता. आपल्या डबीला नाही, असं मी ठरवलं. वस्तू बघायची कशी हे मला कुणी शिकवायला नको, तोच माझा धंदा आहे. म्हणजे दोष कॉम्प्युटरच्या मांडणीत असणार. मी काळ्या पडद्यावर हुकमांवर हुकूम लिहिले. चित्राच्या ओळी किती, सेकंदाला फेऱ्या किती, सगळं आपल्या पद्धतीचं करून टाकलं. बुधवारपर्यंत वहीची सहा पानं भरली.

दुसऱ्या गुरुवारी चित्र पुन्हा पळालं. मी टीव्हीमागे बसून वही चाळत होते आणि पुढून भावाचा आवाज आला. पप्पांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला होता. मला न विचारता, मी घरात असताना, माझ्याच कामासाठी.

"पप्पा, ताईला मागे दाखवा. ताई, वायर दाखव बघू. अशी नको, जवळ धर. हां. कन्व्हर्टरला बारीक स्विच असतो बघ, पाल-एनटीएससी लिहिलेला."

"आपल्या डबीला नाही."

"असतोच गं."

"नाही म्हणते ना. मी दिवसभर मायक्रॉन मोजते. केसाच्या जाडीचा शंभरावा भाग मला दिसतो, आणि स्विच दिसणार नाही?"

"बरं बरं," तो हसला. "मग राहू दे. पुढच्या आठवड्यात मी येतोच आहे, नवीन लावून टाकू. कशाला त्या डब्यामागे डोकं फोडतेस?"

बंगळुरूच्या थंड ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातंय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण खरं दुखलं ते वेगळंच. पप्पा मोबाईल दोन्ही हातांनी धरून उभे होते, माझ्यावर उजेड पडावा म्हणून किंचित वाकून. भावाला नीट दिसावं म्हणून एवढी धडपड. मी पिना काढल्या, वायरी गुंडाळल्या आणि चहा न घेता घरी आले.

त्यानंतरच्या बुधवारी संध्याकाळी मी कंपनीच्या बसमध्ये होते. मोशीच्या सिग्नलला बस अडकली होती आणि भावाचा फोन आला. त्याने विमानाचं तिकीट काढलं होतं, शनिवारी येणार होता. सुताराला मीच सांगून ठेवावं अशी त्याची इच्छा होती. तिथे माझा बांध फुटला. शेजारच्या सीटवरच्या बाईने खिडकीकडे तोंड फिरवलं, एवढ्या जोरात मी बोलले.

"सुतार पण मीच बोलवायचा? तू टीव्ही पाठवणार, नाव तुझं होणार, आणि शोकेस तोडताना मी झाडू घेऊन उभी राहणार. लहानपणापासून हेच. तुझ्या हातात आयर्न आणि माझ्या हातात बॅटरी."

त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "ताई, तुला तेवढंच आठवतं? मला गुरुवार आला की पळून जावंसं वाटायचं. एक टाका चुकला की ते तीन प्रश्न. माझ्या अंगठ्यावर अजून चटक्याचा डाग आहे. आणि तू बाजूला उभी, हातात बॅटरी, तुला बाळा. मला वाटायचं, काय नशीबवान आहे ही. मला एकदा तरी बॅटरी धरायला द्या."

हे मला नवीन होतं. शहाण्या माणसाचं मन यावर विरघळलं असतं. माझं नाही विरघळलं. मला त्या शिव्यांचाही हेवा वाटला. पप्पा ज्याच्याकडून काही होईल अशी आशा धरतात, त्यालाच विचारतात डोळे कुठे ठेवलेस म्हणून. ज्याच्याकडून काहीच नको असतं, त्याला चहा विचारतात. मी हे त्याला बोलून दाखवलं नाही. सुताराचं बघते म्हणाले आणि फोन ठेवला.

सुताराला मी फोन केला नाही.

तिसऱ्या गुरुवारी गेले ती शेवटचं बघायला. जमलं नाही तर कॉम्प्युटर उचलून कायमचा परत न्यायचा, असं ठरवून गेले होते. सगळं पुन्हा जोडलं. चित्र पुन्हा पळालं. आई आता सरावली होती, ती भाजी निवडत रेडिओसारखी मालिका ऐकत होती. साडेबारा वाजले आणि लाईट गेली. आमच्याकडे गुरुवारी लाईनची कामं निघतात, एकदा गेली की दोन-तीन तास येत नाही. पंखा थांबला. शोकेसच्या कप्प्यात तर दुपारचाही अंधार.

"आता बस गप," आई म्हणाली. "जेवून घे."

"एकदा पिना तपासते आणि मग जेवते." मी मोबाईलचा दिवा लावायला गेले तर मोबाईलचं चार्जिंग संपत आलेलं.

पप्पा उठले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ती बॅटरी होती, पत्र्याची, जुनी, आताशा नवीन सेल घातलेली. ते गुडघ्यावर हात देत देत माझ्या बाजूला खाली बसले आणि त्यांनी उजेड टीव्हीमागे टाकला. सत्तर वर्षांचा हात, थरथरत होता. उजेडाचं वर्तुळ पिनांवरून सरकून भिंतीवर जात होतं, परत येत होतं.

"पप्पा, नीट धरा. हलू देऊ नका," मी म्हणाले. म्हणाले आणि जीभ चावली.

 दुसऱ्या हाताने त्यांनी पहिला हात धरला. उजेड थोडा ठरला.

मी पिना काढून पुसून बसवल्या. पप्पांनी विचारलं, "ती मधली डबी कसली?"

"कन्व्हर्टर. तिथेच काहीतरी अडतंय, पण तिला स्विच नाही."

"बघू."

मी वायरी सोडवून डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बॅटरी माझ्याकडे दिली नाही, मांडीवर ठेवली, तशीच पेटती. डबी डोळ्यांजवळ नेली नाही, त्याचा उपयोग नाही हे त्यांना माहीत आहे. त्यांनी ती उलटी केली आणि पोटावरून अंगठा फिरवला. टूलरूममध्ये जन्म गेलेला अंगठा. एका जागी तो थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला.

"हितं खड्डा लागतोय," ते म्हणाले. "वर काय चिकटवलंय हे?"

 माझा नंबर, माझी तारीख, माझी सही.

पप्पांनी नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला आणि सर्रकन ओढला. खाली एक खोलगट खाच होती आणि खाचेत तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा स्विच. एका टोकाला पाल लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला दुसरं. स्विच दुसऱ्या टोकाला होता. तीन गुरुवार, सहा पानं हुकूम, आणि सगळ्यावर माझाच स्टिकर.

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "दिव्याखाली अंधार."

मी काही बोलणार, इतक्यात पप्पा कडाडले.

"डोळे काय खिशात ठिवलेत का? समोरचं दिसंना व्हय? हात हाय का हातोडा?"

आवाज तोच. छताच्या पंख्यापर्यंत जाणारा, शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाणारा. शेवटचा प्रश्न इथे लागू पडत नव्हता, तरी तो आला, कारण तो क्रमाने यायचाच. मी चव्वेचाळीसाव्या वर्षी फरशीवर मांडी घालून शिव्या खाल्ल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, खूप वाटली. पण ते पाणी लाजेचं नव्हतं, आणि मी ते पुसलंही नाही.

"पोट बघायचं आधी, किती येळा सांगितलंय," ते अजून धुमसत होते. "स्टिकर कुठं लावायचा याची अक्कल न्हाई आन् म्हनं मायक्रॉन मोजती. हां. आता टाचणी घे आन् सरकव तो. मी उजेड धरतो."

मी साडीची पिन काढून स्विच सरकवला. खाच एवढीशी आणि उजेड हलता, त्यामुळे तीनदा पिन घसरली. प्रत्येक वेळी ते काहीतरी बोलले. मग सगळं परत जोडून आम्ही जेवायला बसलो. लाईट नव्हती, म्हणून जमलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. जेवताना पप्पा मला कन्व्हर्टरच्या आत काय असतं ते विचारत होते आणि मी सांगत होते. मध्येच ते "मग त्याला गरम व्हायला जागा पायजे की, कप्प्यात कोंडून न्हाई चालायचं," म्हणाले. इतकं ते माझ्याशी एका दमात कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

पावणेतीनला लाईट आली. पंखा फिरला, कॉम्प्युटर कुरकुरत उठला. पडदा निळा झाला, मग कबड्डीची गादी दिसली. तांबडी. चित्र जागच्या जागी उभं होतं. कडा थोड्या कापल्या जात होत्या, अक्षरं फिसकटलेली होती, पण एक संघ पिवळा होता आणि एक हिरवा. पप्पा खुर्ची पुढे ओढून अगदी काचेजवळ बसले. "पिवळा दमलाय," ते म्हणाले. "आता पकडत्यात बघ त्याला."

शनिवारी भाऊ आला. सुतार आलेला नव्हता आणि त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. नव्या टीव्हीचा निकाल आईने लावला. तो आतल्या खोलीत, तिच्या पलंगासमोर बसवायचा आणि तिथे फक्त तिच्या मालिका लागणार. बसवणारा माणूस तासाभरात काम उरकून गेला. चित्र खरोखर सुरेख होतं, काचेसारखं. मला हेवा वाटला, पण थोडाच.

संध्याकाळी आम्ही भावंडं हॉलमध्ये बसलो होतो. भावाने टीव्हीमागे वाकून कन्व्हर्टर बघितला, मग उलटा करून बघितला. स्टिकरचा चिकटा अजून तिथे होता. आईने त्याला सगळी गोष्ट फोनवर आधीच सांगितली होती.

"तिन्ही प्रश्न?" त्याने विचारलं.

"तिन्ही. क्रमाने."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. डबी जागेवर ठेवत म्हणाला, "मला दहा-बारा वर्षांत एकदाही ओरडले नाहीत ते. मी फोन केला की 'जेवलास का, बरा हायेस ना', एवढंच. मागच्या वेळी मी इथला नळ दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, राहू दे, तू दमला असशील." तो टीव्हीकडे बघत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर ते वाटायला मला थोडा वेळ लागला.

रविवारी दुपारी त्याची टॅक्सी खाली आली. पप्पा दारापर्यंत आले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जपून जा बाळा. पोचल्यावर फोन कर."

भावाने माझ्याकडे बघितलं. मी त्याची बॅग उचलून जिन्याकडे वळले, आणि मागून पप्पांचा आवाज आला. "आन् तू खाली सोडून लगेच वर ये. त्या डबीवरचा चिकटा तसाच ठिवलायस. कोन काढनार तो?"